डावी पापणी

पत्ते वाटून झाले. रतननं काकांचे तीन पत्ते उचलले, पलंगाच्या पायथ्याशी बसूनच त्यांना दिसतील असे धरले, मग स्वतः पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"फालतू आहेत. टाकतो, काका."

पुढच्या डावाला पत्ते भारी निघाले तेव्हा मात्र तो नेहमीसारखा उठून उशीपाशी गेला, वाकून काकांच्या कानाशी म्हणाला, "लावू का?" आणि मूठभर चिंचोके पुढं सरकवले.

दोन्ही वेळा डिनो फक्त पलंगावरच्या महिपतशेठच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याच्या धंद्याची रीतच ती. पत्ते काय, कुणाच्याही हातात असतात. खरं काय ते डोळ्यांत असतं.

डिनो पोकर खेळून जगायचा. त्याची आई सुझाना शेजारणींना सांगायची, पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, ऑनलाइन खेळात त्याची बरीच वर्षं गेली होती. कायद्यानं तो खेळ बंद झाल्यावर तो गोव्याच्या कॅसिनोंत जाऊ लागला. तिथं समोर खरी माणसं बसलेली पाहिली आणि त्याला कळलं, आपल्याला पत्त्यांहून चेहरे जास्त वाचता येतात. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

गौरीच्या जागरणाला कोलशेतच्या घराघरांत पत्त्यांचे डाव बसतात. मित्राबरोबर गेलेल्या डिनोनं तिथं नुसत्या तोंडावरून एकेकीचे पत्ते ओळखले. बाकीच्या बायका खिदळल्या. महिपतशेठची बायको कमळाबाई मात्र हसली नाही. दोन दिवसांनी तिनं त्याला घरी बोलावलं.

"माझा मालक जिन्यावरून पडला नाय रे," ती म्हणाली होती. "त्याला ढकललाय. मी खाली रांधत होते. वरून आवाज ऐकला, 'सोड मला.' मग धाडकन पडला. वर दोघंच होती, पुतण्या नि सून. दोघंही बोलतात, आम्ही आपापल्या खोलीत होतो."

"शेठनाच विचारा ना, काकी. हो असेल तर डोळे मिटा म्हणावं."

"विचारून थकले. पडल्यापासून अंग लुळं, वाचा गेली. त्याच्या मनानं डोळाही मिटत नाय. तू डाव मांड, त्याचं तोंड शिकून घे. ज्यानं ढकललाय तो घरातच हाय, डिनो. परत हात घातला तर माझा माणूस वाचायचा नाय."

म्हणून हे दुपारचे डाव. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास यायचा आणि पंखा फिरायचा. महिपतशेठ न हलता समोर बघत राहायचे. कॅसिनोतले दगडी चेहरे डिनोनं पचवले होते. हा चेहरा मात्र घरी गेल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नसे.

आणि मग त्याला ते सापडलं. महिपतशेठकडे भारी पत्ते आले की त्यांची डावी पापणी थरथरायची, दिव्याच्या काचेवर पाखरू फडफडावं तशी. रंग असो, जोडी असो, एकदाही चूक नाही. पत्ते फालतू असले की पापणी गप्प.

"मिळालं, काकी," तो म्हणाला. "आता विचारू."

कमळाबाईनं दोघांना खोलीत बोलावलं. कल्पिता दाराशी उभी राहिली. तिचा नवरा जहाजावर होता. सासरे पडल्यापासून ती त्यांच्याच खोलीत झोपायची. डिनोनं आधी कमळाबाईचं नाव घेतलं. पापणी हलली नाही.

"आता माझं घे," रतन म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. "उगाच समोर नको मी."

"शेठ, रतन होता का?"

काही नाही. ते डोळे नुसते डिनोवर रोखलेले होते. त्यानं घाईनं नजर काढून घेतली.

महिपतशेठच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. रतन पुढं झाला आणि त्यांच्यावर वाकून रुमालानं हळूच पुसू लागला.

"कल्पिता होती का?"

पापणी थरथरली. कधी नव्हे इतकी.

कमळाबाई मटकन खाली बसली. कल्पिता रडली नाही, ओरडली नाही. ती डिनोजवळ आली.

"मला पाठवा कुठंही. पण त्यांना एकटं नका रे सोडू. प्लीज."

हरणारा असाच बोलत सुटतो, डिनोला ठाऊक होतं. तरी त्याला वाईट वाटलं. संध्याकाळी ती पिशवी घेऊन मानपाड्याला माहेरी गेली.

पुढच्या आठवड्यात डिनो मुद्दाम भेटायला गेला. आपण एका माणसाचा जीव वाचवला, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटायची वेळ त्याच्या धंद्यात कधी आली नव्हती. कमळाबाई नवी साडी नेसून वर्तकनगरला बहिणीकडे निघाली होती. ती पहिल्यांदाच हसताना दिसली.

"आता घोर नाय बघ. त्याच्या खोलीत रतन झोपतो. तू बस, एक डाव खेळ त्याच्याशी."

ती गेली. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. डिनो खुर्ची ओढून बसला आणि पत्ते पिसू लागला. रतननं दार लोटलं, उशीपाशी येऊन वाकला आणि काकांच्या गळ्याशी चादर नीट केली.

महिपतशेठची डावी पापणी थरथरू लागली.

डिनोचे हात थांबले. पत्ते अजून वाटलेच नव्हते.