पाणी कुठवर आलं होतं

"दीपगृह कसं वाटलं?" अंड्याची बशी समोर ठेवत तेग्वेनने विचारलं.

"सुंदर. अगदी वरपर्यंत चढलो," पाव तोडत मिस्टर पेलम म्हणाला. "सगळी खाडी दिसते."

दीपगृहाचा जिना चार वर्षं बंद होता आणि दाराला हाताएवढं कुलूप होतं.

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्थ अलनला येऊन त्याला तीन दिवस झाले होते. सुट्टीवर आलोय, आसपासचं बघायचंय, असं सांगून त्याने तिच्याकडची वरची खोली घेतली. इतर पाहुण्यांना देते तसा तिने त्यालाही हाताने नकाशा काढून दिला : दीपगृह, लोकरीची जुनी गिरणी, धबधबा, सील प्राण्यांची खाडी. सील दाखवायला शेजारचा इद्वाल बोटीतून नेतो. त्याच्या बोटीत हा बसला नाही. इद्वालला तो दिसला तो समुद्रालगतच्या भिंतीपाशी, दोनदा. आणि काल दुपारी तेग्वेनच्याच फाटकाशी, हातात मोजपट्टी घेऊन उकिडवा बसलेला.

"घरं हेरतोय," इद्वालने निकाल दिला होता. "कुणातरी शहरी शेठने पाठवलाय."

त्यात नवल नव्हतं. भिंतीलगतच्या तिच्या ओळीतल्या सहा घरांपैकी तीन अशीच शहरी लोकांकडे गेली होती. उन्हाळ्यात चार आठवडे तिथे माणसं दिसत, बाकी वर्षभर पडदे ओढलेले. आज म्हणूनच इद्वाल मागच्या दाराने आत आला, न विचारता स्वतःचा चहा ओतून घेतला आणि पाहुण्यासमोर खुर्ची ओढून बसला.

पेलमने त्याला मान लववून नमस्कार केला. मग मीठ मागावं इतक्या सहज त्याने तेग्वेनला विचारलं, "मिसेस प्रोसर, गेल्या जानेवारीतल्या वादळात पाणी कुठवर आलं होतं हो?"

तेग्वेनने इद्वालकडे पाहिलं.

"सांग, भरपूर सांग," कपात तोंड घालून तो वेल्शमध्ये पुटपुटला.

त्या वादळात पाणी फाटकापर्यंत आलं होतं. बाहेरच्या दोन पायऱ्या भिजल्या आणि सकाळी ओहोटीबरोबर ते गेलंही.

"आत आलं होतं की," तेग्वेन म्हणाली. "या टेबलाच्या पायापर्यंत."

"पायापर्यंत कसलं? पाहुण्यांना भीती नको म्हणून ही कमी सांगते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत होतं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, मी खिडकीतून पाहिलाय."

"हो, तिसऱ्या," तेग्वेन म्हणाली. आता तिला जमत चाललं होतं. "आणि वास तर ईस्टरपर्यंत गेला नाही."

"दर वर्षी येतं?"

"आताशा दर वर्षी. खरं सांगू? मला कुणी आज हे घर फुकट दिलं असतं तरी मी घेतलं नसतं."

पेलमने काटा खाली ठेवला, खिशातून वही काढली आणि लिहायला लागला. घर घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा एव्हाना पडायला हवा होता. याचा पडला नाही.

"तिसरी म्हणजे खालून तिसरी ना?"

"खालून," ती म्हणाली. तिचा आवाज जरा मंदावला.

त्याने ते वाक्य पुरं केलं आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. "तुमचे आभार मानायला हवेत. वरच्या गल्लीत ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणतात भिंतीच्या आत पाणी कधी आलंच नाही. लोकांना कळलं मी सरकारसाठी पाहणी करायला आलोय, की कुणी खरं बोलत नाही. म्हणून सुट्टीचं सांगावं लागतं. ही भिंत नव्याने बांधायची, की हा किनारा समुद्राला सोडून द्यायचा, ते ऑक्टोबरात ठरणार आहे. सोडायचा ठरला तर पहिल्यांदा ही ओळ रिकामी होईल."

इद्वालचा कप ओठांपाशी तसाच राहिला.

"म्हणजे तुम्ही घर विकत घ्यायला नाही आलात?" तेग्वेनने विचारलं.

"मी?" त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "हे घर कोण विकत घेईल?"

तेग्वेनने एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "पाणी फाटकापर्यंतच आलं होतं, मिस्टर पेलम. दोन पायऱ्या भिजल्या, बस. आम्ही आपलं तुम्हाला पिटाळायला म्हणून बोललो."

"खोटं होतं ते सगळं," इद्वाल म्हणाला. "फ्रीजबिज काही तरंगत नव्हता. देवाशपथ."

पेलमने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती नजर तेग्वेनच्या ओळखीची होती. तीन दिवस ती त्याच्याकडे तशीच बघत होती.

तो उठून जिन्यापाशी गेला, वाकला आणि भिंतीवरून त्याने हात फिरवला. वरची भिंत पिवळट पडली होती, खालची कमरेपर्यंत पांढरीशुभ्र होती.

"हा रंग कधी दिलात?"

"मे महिन्यात."

"फक्त खालीच?"

"पाहुण्यांच्या बॅगा घासतात. जिना अरुंद आहे ना."

ते खरं होतं. दर मे महिन्यात ती स्वतः ब्रश घेऊन तेवढाच भाग रंगवायची. पण आता तिच्या स्वतःच्या कानांनाही ते पाण्याचा डाग लपवायला आयत्या वेळी रचल्यासारखं ऐकू आलं.

पेलमने वही पुन्हा उघडली.

"बॅगा," तो स्वतःशीच म्हणाला, आणि तेही लिहून घेतलं.