अर्बाबांचं गाव

"अहो, आता तरी काढा ना तो कागद," जयवंती पुटपुटली.

दयानंदने हात मागे करून तिला गप्प राहायची खूण केली. पुढे त्याचे मालक, मजीद अर्बाब, काठी टेकत मातीच्या गल्लीतून चढत होते आणि दर चार पावलांनी वळून बघत होते, दोघं येतायत ना म्हणून.

कागद एनओसीचा होता, नोकरी बदलायला हरकत नसल्याचा. टाइप करून तयार. मालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी. ती सही झाली की दयानंदला बरका शहरातल्या फर्निचर कारखान्यात घेणार होते आणि तिथे फॅमिली व्हिसा मिळणार होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि एकत्र काढलेले दिवस जोडले तरी दीड वर्ष भरत नव्हतं. सहीशिवाय नोकरी सोडली तर दोन वर्षं या देशात पाऊल टाकता येणार नव्हतं. कारखान्याला रविवारी उत्तर द्यायचं होतं. जयवंतीचा तीन महिन्यांचा व्हिसा गुरुवारी संपत होता. आज शुक्रवार.

"म्हातारा आज खुशीत आहे," दयानंद हळूच म्हणाला.

"मग खुशीत असतानाच मागायचं असतं."

"अगं, स्वतःचं गाव दाखवायला आणलंय त्यांनी. मध्येच कागद पुढे करू?"

डोंगराच्या उतारावर एकावर एक रचून ठेवल्यासारखी घरं होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर खजुराच्या खोडांच्या तुळया. कित्येकांची छपरं खाली बसली होती. दारं मात्र एकूणएक शाबूत. ती दयानंदने केलेली होती. गेली नऊ वर्षं, दर हिवाळ्यात दोन-तीन, जुन्या दारावरची नक्षी बघून तशीच्या तशी उतरवलेली. जयवंतीने एका चौकटीवरून बोट फिरवलं.

"कुणी राहत नाही, मग दार कशाला?"

"मीपण विचारलं होतं. म्हणाले, घर खाली है, खुला नहीं है."

वळणावर चिनी पर्यटकांचा घोळका फोटो काढत होता. त्यातल्या एका बाईने दयानंदच्या दाराला टेकून फोटो काढून घेतला आणि जाताना अर्बाबांपुढे वाकली. अर्बाब हसले, आणि मग हसायचे थांबले.

"देखो, चीन से आता है. मेरा लड़का मस्कत से नहीं आता."

मग ते एकेका दाराला हात लावत सांगू लागले. "ये सलीम का. मस्कत गया. ये नासिर का, दुबई. ये मेरा भाई का. वो झंझिबार में खलास हुआ." शेवटचं दार त्यांचं स्वतःचं. त्यांनी कुलूप काढलं आणि कुलूप हातात तसंच धरून उभे राहिले. "सब को मैं बोला, जाओ. किसी को रोका नहीं." दुसरा हात त्यांनी दयानंदच्या खांद्यावर ठेवला. "एक दया नहीं गया."

दयानंदचा हात खिशाकडे निघाला होता. जयवंतीच्या डोळ्यांदेखत तो वर गेला आणि मान खाजवू लागला.

आत चटई अंथरलेली होती. अर्बाबांनी कहव्याची किटली आणि खजुराची थाळी पुढे ओढली. एक खजूर निवडला, बी काढली आणि तो जयवंतीपुढे धरला.

"खाओ, बेटी. मेरा माँ का झाड़ है."

जयवंतीने हात जोडले. "नहीं बाबा. मीठा बंद है."

"शुगर?"

"शुगर नाही हो..." ती दयानंदकडे बघू लागली. विमानात बसताना ती देवाला बोलली होती. तेव्हापासून चहासुद्धा बिनसाखरेचा.

"मन्नत है, अर्बाब," दयानंद म्हणाला. "काम होने तक मीठा नहीं खाएगी."

म्हाताऱ्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. त्यांनी खजूर अलगद थाळीत ठेवला. "अच्छा. मेरा माँ भी करता था." मग चेहरा पुढे आणून, लहान मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "क्या माँगा?"



"सांगा," जयवंती मराठीत म्हणाली. "अहो, त्यांनीच विचारलंय. आता तरी सांगा."

दयानंद उघड्या दाराकडे बघत राहिला. "घर का बात है, अर्बाब."

मग आपणच बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं. अर्बाबांनी झटकन हात वर केला.

"नहीं, नहीं. मत बोलो. जिस को देना है, उस को मालूम है."

त्यांनी थाळीवर फडकं घातलं, दोन्ही तळवे समोर उघडे धरले आणि डोळे मिटून अरबीत दुआ मागू लागले. तिला एकच शब्द कळला. तो दोनदा आला. तिचं नाव. मोडकंतोडकं, पण तिचंच. तिने रोज पोथीपुढे बसून जे मागितलं होतं, ते हा माणूस, ते काय आहे हे न कळताच, तिच्यासाठी मागत होता, आणि तिला त्याला थांबवता येत नव्हतं.

"आमीन बोलो, दया."

"आमीन," दयानंद म्हणाला.

तीही म्हणाली.

"जिस दिन मिलेगा, मेरे को फोन करो," अर्बाबांनी डोळे पुसले. "पूरा थाली मैं खुद लेके आएगा."

त्यांनी तिच्यासाठी कहवा ओतायला घेतला. हात थरथरत होता. दयानंदने तिकडे न बघताच, रोजच्या सवयीने, किटली खालून धरली.