राखलेलं पाणी

बावन्न सालच्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली, पण धुळे शहराला पाणी देणाऱ्या शेजारच्या तलावात अजून कमरेइतकं पाणी होतं. झिपरूआबा त्या तलावाचे राखणदार. सकाळीच गावातली तानुबाई हंडा घेऊन आली.

"झिपरूभाऊ, एकच हंडा भरू दे. घरमा पेवाले पानी नही शे."

"हाई पानी शहरनं शे, अक्का," म्हणत आबांनी काठी आडवी धरली. ती रिकाम्या हंड्यानं परत गेली.

पाळी संपवून आबा धुळ्याला लेकीकडे गेले. लतानं हौसेनं नळ मोकळा सोडला, त्यांच्या पायांवर बादलीभर पाणी ओतलं आणि दुसरी बादली तापलेल्या अंगणात शिंपडून टाकली.

"एवढं पाणी कशाला गं?" आबा पुटपुटले.

"असू द्या हो आबा, आम्हाला कुठे तोटा आहे पाण्याचा!"

तिनं पुढं केलेला तांब्या आबांनी तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

निघताना लतानं त्यांच्या हातात एक पुरचुंडी ठेवली.



"हे लाडू तानुमायला द्या, आबा. आई गेल्यावर तिच्याच दुधावर जगले मी."