आईचा शेंगदाणा

साधा शेंगदाणा चुकून तोंडात गेला, तरी लेकीचा घसा सुजायचा. म्हणून आईने प्रयोगशाळेत जनुकं बदलून नवं वाणच तयार केलं होतं. आज त्यातला दाणा लेक खाणार होती. डॉक्टर इंजेक्शन भरून शेजारी बसले होते. लेकीने आधी कणभर चाखला, मग अख्खा दाणा चावून गिळला. आईचा जीव टांगणीला लागला. बराच वेळ गेला. ना ओठ सुजले, ना श्वास अडकला.

“अजून एक घे ना, राणी!”

लेकीने नाक मुरडलं. “नको. मला नाही आवडला.”

आई टुणकन उठली. “ऐकलंत का डॉक्टर? नखरे करतेय! माझी पोरगी चक्क खायचे नखरे करतेय!”