तक्रार नाही

"प्रेमाताई, मॅडम विचारतील तेवढंच बोला," सुशांतने सकाळपासून दुसऱ्यांदा सांगितलं. "बाबा पडले-बिडले ते काढू नका, प्लीज."

"मी कशाला काढू?" प्रेमा म्हणाली. तिने दुखऱ्या कमरेचा पट्टा आवळला आणि त्यावरून निळा कोट चढवला. तेवढ्यात बेल वाजली.

आजारी माणसांसाठी प्रेमासारख्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या जयंती मॅडम दर तीन महिन्यांनी पेशंट बघायला येत. पेशंट स्वतः उठतो की त्याला उचलावं लागतं, एवढंच त्या बघत आणि त्यावर बाईचा रोज ठरे. चालणाऱ्याचे दिवसाला आठशे, उचलाव्या लागणाऱ्याचे अकराशे. वाढलेल्या तीनशेतले दोनशे बाईच्या हातात पडत. सुशांतच्या बाजूने बघितलं तर ते वाढीव तीनशे म्हणजे महिन्याचे नऊ हजार होते. दिवसाची बाई दिवसरात्रीची करावी लागली तेव्हा त्याने स्कूटर विकली होती, त्याच्या बायकोने, श्वेताने, बांगड्या. आता विकायला घरात काही उरलं नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणतात. म्हणून त्याने बाबांच्या चांगल्या तब्येतीचं आणायचं ठरवलं होतं.

त्याचा बाप गुणाजी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. गेल्या आठवड्यात तो दोनदा बाथरूममध्ये पडला होता. दोन्ही वेळा सुशांत आणि श्वेता कामावर होते आणि प्रेमाने एकटीने त्याला उचललं होतं. आज सकाळी त्याने सुशांतला न ओळखून तीनदा विचारलं होतं, "तू खंयचो रे?"

जयंती मॅडम समोर बसल्या, फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "काय आजोबा, कसे आहात?"

आता कसलं सोंग आणि कसलं काय, सुशांतला वाटलं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

गुणाजीने फाईलकडे पाहिलं. मग पेनाकडे, मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. तो ताठ झाला. दोन्ही हात गुडघ्यांवर आले.

"व्यवस्थित," तो म्हणाला.

"जेवण?"

"वेळेवर."

"झोप?"

"पुरेशी."

"मधे कुठे पडलात, लागलं वगैरे?"

"आमच्याकडे असं काही होत नाही, साहेब."

"काही तक्रार?"

"तक्रार नाही."

एरवी घरात मालवणीशिवाय न बोलणारा बाप इतकं स्वच्छ बोलतोय, हे बघून सुशांत चाट पडला. मग त्याच्या लक्षात आलं. मरोळच्या कारखान्यात तपासणीला सरकारी इन्स्पेक्टर आला की शेठ प्रेस मशीनवरच्या गुणाजीलाच पुढे करायचे. मशीनच्या सुरक्षेच्या जाळ्या काढून ठेवलेल्या असायच्या, कुणाचा ना कुणाचा हात पट्टीत बांधलेला असायचा, पण गुणाजीचा चेहरा हलायचा नाही. घरी आल्यावर तो या सवाल-जवाबांची नक्कल करून दाखवायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. बायकोचं नाव, गावचं घर, मुलाचा चेहरा, सगळं डोक्यातून गेलं होतं. हे तेवढं राहिलं होतं.

"जरा उठून दाखवा बघू."

प्रेमा पटकन खुर्चीमागे गेली. तिने काखेत हात घातले आणि गुणाजी उठला. दिसायला तो उठला. त्याचा सगळा भार कुणाच्या अंगावर आला ते प्रेमाचे आवळलेले दात बघणाऱ्याला कळलं असतं, पण जयंती मॅडम खाली बघून फॉर्म भरत होत्या. दोन पावलं टाकून तो परत खुर्चीत आला तेव्हा प्रेमा क्षणभर वाकलेलीच राहिली. गुणाजी मान वळवून तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे चालते-फिरते. आठशेच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "प्रेमा, तुला काही सांगायचंय?"

प्रेमाने सुशांतकडे पाहिलं. सुशांतने मोबाइल काढला, आणि त्यात काहीच नव्हतं तरी बघत राहिला.

"नाही, मॅडम."

फाईल मिटली. जयंती मॅडम दाराकडे निघाल्या. सुशांतला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली. पण नऊ हजार वाचले होते. तो खुर्चीजवळ खाली बसला, बापाच्या गुडघ्यावर थाप मारली.

"झकास, बाबा! काय बोललात!" तो पुटपुटला.

गुणाजी हसला नाही. त्याने दाराकडे एक नजर टाकली, मग वाकून सुशांतच्या कानाशी आला. आवाज खाली, अदबीचा. या घरात त्याने सुशांतला आजवर कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"शेठ, तुम्ही सांगितलं तसं बोललो. नेहमीसारखं. आता लागलेल्याला सांभाळायचा तुमचा शब्द पाळा. त्या बाईची कमर गेलीय, तिचं बघा."

दारात जयंती मॅडम अजून चपलेचा पट्टा लावत होत्या.