टाकीतलं पाणी

मृण्मयीनं राजदूत मोटारसायकलच्या टाकीतलं जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत उतरवलं आणि बरणी उन्हात धरली. वर तांबूस पेट्रोल तरंगत होतं. खाली चार बोटं नितळ पाणी.

"आई, टाकीत पाणी आहे."

मीनाक्षी दारात ज्वारी निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला. पायरीवर बसलेल्या श्रीनिवासरावांनी बरणीकडं पाहिलं, मग बायकोकडं.

शेजारची सत्यभामा टँकरवरून हंडा भरून चालली होती. ती थबकली. "घ्या. आमच्या गच्चीवरच्या टाकीत थेंब नाय, अन् तुमच्या गाडीच्या टाकीत चार बोटं. नशीब लागतं बाई."

"पंपावर भेसळ झाली असंल," मृण्मयी म्हणाली आणि नवं पेट्रोल ओतायला लागली.

मीनाक्षीनं मान खाली घातली. सलग कोरडी गेलेली वर्षं. दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहात जायचं, तांदूळ धुतलेलं तुळशीला. अशा दिवसांत गेल्या उन्हाळ्यात तिनं तांब्याभर पिण्याचं पाणी या टाकीत ओतलं होतं. स्वतःच्या हातानं.

कारण तसंच होतं. श्रीनिवासराव जुन्या मित्रांना भेटायला चिकलठाण्याला गेले. सगळी नोकरी ज्या रस्त्यानं केली, तोच रस्ता. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. शेवटी एका अनोळखी टेम्पोवाल्यानं त्यांना आणि गाडीला दारात आणून सोडलं. चिकलठाणा मागं टाकून पार करमाडच्या पुढं रस्त्याच्या कडेला उभे होते म्हणे. "कडुनिंब तोडले सगळे, रस्ता ओळखू येत नाही," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. शहर वाढत होतंच, रोज एखादी खूण कमी होत होती. पण दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येताना ते स्वतःच्या दारावरून पुढं निघून गेले, तेव्हा मीनाक्षी खिडकीत होती. गल्लीतलं झाड कुणीच तोडलेलं नव्हतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. बोललं की ते खरं होईल असं तिला वाटायचं. गाडी बंद पडली आणि ती निर्धास्त झाली.

आता मृण्मयीला चिकलठाण्यातच नोकरी लागली होती. भरलेल्या रिक्षांचा तिला वीट आला होता. स्पॅनर कसा धरायचा हे ती मोबाइलवर पाहून शिकली होती. हाताला दोन ठिकाणी खरचटलं होतं, कपाळाला काळं लागलं होतं.

"राहू दे गं," मीनाक्षी म्हणाली. "हप्त्यानं स्कूटी घेऊ तुला."

"घरात गाडी असताना?"

"ऊन फार झालंय. जेवून घे आधी."

"आई, तू जरा बस ना एका जागी."

मीनाक्षी बसली. लगेच उठली. सूप आत ठेवून आली, पुन्हा बाहेर घेऊन आली. गाडी सुरू झाली की किल्ली दाराच्या खिळ्याला लटकणार. दुपारी कुणाचा डोळा लागला की हे निघणार. मग कुठं शोधायचं? वाळूजला की जालन्याला?

मृण्मयीनं प्लग घासला, कार्बोरेटर पुसला. किक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही.

"बाबा, आता काय बघू?"

"भंगारात घाल."

मीनाक्षीला हायसं वाटलं, आणि नवलही. एकेकाळी दर रविवारी हाच माणूस चटई टाकून ही गाडी उघडून बसायचा. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही.

मृण्मयीनं मोबाइल पाहिला. "ठिणगीच पडत नाही," ती पुटपुटली. मग इंजिनाच्या कुशीतलं गोल झाकण काढलं. आत दोन इवलेसे पत्रे. ते टेकले, सुटले, की ठिणगी पडते. पण ते टेकतच नव्हते. मध्ये काहीतरी दडपलेलं होतं. तिनं चिमट्यानं ओढून काढलं.

दुधाच्या पिशवीचा तुकडा. कात्रीनं सरळ कापलेला, नीट चौघडी घातलेला.

मीनाक्षी पाहतच राहिली. टाकीत पाणी कुणीही ओतेल. पण हे झाकण कुठं असतं, हे या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

मृण्मयीनं किक मारली. गाडी खोकली. परत मारली, आणि धुराचा लोट सोडत राजदूत धडधडायला लागली. तुळशीची पानं थरथरली.

"बाबा, या. पहिली चक्कर तुमची."

श्रीनिवासराव उठले. मीनाक्षीनं दाराची चौकट धरली. त्यांनी हँडलवर हात ठेवला, कान देऊन आवाज ऐकला, वाकून एक स्क्रू जरासा फिरवला. आवाज एकसारखा झाला. मग त्यांनी हात काढून घेतला.

"तूच जा. अन् किल्ली तुझ्या पर्समध्ये ठेवत जा. खिळ्याला लावायची नाही."

मृण्मयी काही विचारणार होती. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून तिनं गिअर टाकला. गाडी आचके देत गल्लीच्या टोकाकडं गेली.

श्रीनिवासराव मीनाक्षीशेजारी येऊन बसले. सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला.

"तांब्या घेऊन बाहेर आलीस, तेव्हा पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "प्यायचं पाणी कशाला वाया घालवलंस गं? मी आदल्याच दिवशी बंद करून ठेवली होती."