शेवटचा खिळा

वडगावात नथूभाऊच्या बैलाला नाल ठोकत असतानाच वाहिद नालबंदाला निरोप आला, "तुझी बायको मेहरुन अडलीय, सुईणीनं हात टेकले." शेवटच्या खिळ्याचं खुराबाहेर आलेलं टोक वळवून तो पक्का करणं तेवढं राहिलं होतं. "भाऊ, एवढं उद्या करून देतो, आता मला सोडा," म्हणत तो उठला आणि डॉक्टर आणायला लोणावळ्याच्या आगगाडीत चढला. नथूभाऊही तोच बैल जुंपून, गवताची गाडी घेऊन सडकेनं लोणावळ्याकडं निघाले.

दुपारी डॉक्टरांच्या मोटारीतून परतताना कामशेतजवळ टायर बसला. जादा चाक आदल्या दिवशीच फाटलं होतं, आणि ट्यूबवर ठिगळ काही धरेना. साऱ्या मावळातली लंगडी जनावरं चालती करणारा वाहिद त्या चाकाभोवती नुसता घिरट्या घालत होता.

"सायेब, चालत जाऊ या का?"

"तीन कोस? आपण पोचेपर्यंत..." डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं.

टायरमधून उपसलेला खिळा ड्रायव्हरनं चिडून वाहिदपुढं टाकला. "ह्यानं घात केला बघा."

वाहिदनं तो उचलला.



स्वतः घडवलेल्या खिळ्यांवर तो ओढायचा त्या दोन रेघा डोक्यावर होत्या, आणि टोक अजून सरळच होतं.